मुलांनी लिहावे, थोरांनी वाचावे

फराळाच्या ताटाशी संगणकाची गोष्ट कशाला, असे वाचक म्हणतील. परंतु ही गोष्ट यंत्राची नाही. शिकणाऱ्या मुलांची आणि त्यांचे काम वाचणाऱ्या थोरांची आहे.

संगणकाने काय करावे ते सांगणाऱ्या आज्ञा म्हणजे सॉफ्टवेअर. त्या आज्ञा सर्वांना वाचायला, सुधारायला आणि वाटायला मोकळ्या ठेवल्या, की त्याला ओपन सोर्स म्हणतात. सुगरणीने चकलीबरोबर भाजणीचे प्रमाणही शेजारणीला द्यावे, तसाच हा प्रकार. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या मोकळिकीचा पुकारा केला.

हॉलंडमधील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक काढले. संगणकाचा सारा कारभार पाहणारी 'मिनिक्स' ही छोटी प्रणाली तीमधील आज्ञांसह त्यात छापली होती. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी ते पुस्तक वाचून भारला गेला आणि १९९१ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने स्वतःची प्रणाली रचली. हेलसिंकीच्याच तंत्रविद्यापीठातील आरी लेम्के यांनी तिला सार्वजनिक संगणकावर जागा दिली. लिनसच्या मनात 'फ्रीक्स' हे नाव होते. लेम्के यांनी बारसे केले ते 'लिनक्स' असे! १९९२ मध्ये टॅनेनबॉम यांनी चारचौघांत सुनावले, की ही रचना जुनाट आहे. तू माझा विद्यार्थी असतास, तर तुला फारसे गुण मिळाले नसते. लिनसनेही सडेतोड उत्तर दिले. आज कोट्यवधी अँड्रॉइड फोनांच्या पोटात लिनक्सच आहे.

मला यात मोल वाटते ते एवढ्याचेच, की पोराचे काम थोरांनी वाचले. कुणी जागा दिली, कुणी कान उपटले. दुर्लक्ष मात्र केले नाही.

हीच गोष्ट पुढे रीतसर होऊ लागली. गूगल कंपनीने २००५ मध्ये 'समर ऑफ कोड' सुरू केले. सुटीभर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ४,५०० डॉलर आणि त्याला हाताशी धरणाऱ्या संस्थेला ५०० डॉलर, असा त्या वर्षीचा हिशेब होता. पैसा मुलांना दारापर्यंत आणतो. आत टिकवतो तो त्यांच्या चुका दाखवणारा मार्गदर्शक. २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

आपल्या पवईच्या आयआयटीतही 'फॉसी' हा प्रकल्प आहे. अभियांत्रिकीच्या पुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थी 'सायलॅब' या मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात. ती तपासली जातात, मानधन मिळते आणि मुलाच्या नावानिशी ती सर्वांसाठी खुली होतात.

एरवी आपल्याकडच्या कॉलेजातील जर्नलांचे काय होते? एकाचे पाहून दुसरा उतरवतो, वर सही होते आणि वर्षअखेर गठ्ठा रद्दीत जातो. कुणी वाचणारच नाही, हे ठाऊक असताना मुलांनी मन लावून लिहावे तरी कशासाठी?

तेव्हा वाचकहो, यंदा भाऊबीजेला घरी आलेल्या भाचीला टक्के विचारू नका. "तू काय लिहिलेस, ते दाखव बघू," असे म्हणा. सगळे कळले नाही तरी चालेल. चार प्रश्न मात्र मनापासून विचारा.