शकाचें वर्ष आणि यंत्राचा रकाना

इतिहासग्रंथांत तळटीप बारीक अक्षरांत छापतात, पण वादाचा निकाल पुष्कळदा तिच्यावरच लागतो. शिवछत्रपतींची जन्मतिथि पूर्वीं शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया मानीत. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली. विद्वानांचा वाद दीर्घ काळ चालला. अखेर २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस मान्य केला.

हीच नोंद आजचा विद्यार्थी संदर्भ सांभाळणाऱ्या संगणक-प्रणालींत भरतो. २००६ सालीं निघालेली झोटेरो ही त्यांपैकीं एक. वर्षाच्या रकान्यांत १५५१ लिहिलें कीं ती तें इसवी सन समजून छापते. बरें, शकांत ७८ मिळवावे, तर १६२९ येतात. फाल्गुन वद्य तृतीया जानेवारीनंतरची, म्हणून तेथें ७९ मिळवावे लागतात. ही गोष्ट यंत्राला कोण सांगणार? शिवकालीन कागदांवर तर वर्ष आंकड्यांत नसून अरबी शब्दांत असतें. 'खमस सबैन व अलफ' म्हणजे १०७५. शुहूर सन मृगापासून चालू होतो, म्हणून तें इसवी १६७४-७५ होय. त्याच ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून राज्याभिषेक शकहि सुरू झाला. एका घटनेला अशीं तीन-चार वर्षें, आणि रकाना एकच!

दुसरी अडचण कर्त्याची. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' हे खंड काढले. त्यांतील पत्र लिहिणारा एक, छापणारा दुसरा. नोंद भरतांना राजवाड्यांना कर्त्याच्या रकान्यांत बसविलें, तर अठराव्या शतकांतील सरदाराचें पत्र एकोणिसाव्या शतकांत जन्मलेल्या संशोधकाच्या नांवावर चढतें. शिवाय संशोधक असें पत्र खंड व लेखांक देऊन दाखवीत आले आहेत. प्रणालीच्या यादींत पृष्ठ, प्रकरण, ओळ, श्लोक इतकेंहि सांपडेल. लेखांक मात्र नाहीं. पाश्चात्त्य पुस्तकांवरून सांचा पाडला, त्याला मोडी दप्तराची सवय कोठून असणार?

तरीहि यंत्र टाकून देण्याचें कारण नाहीं. पत्रलेखक कर्ता म्हणून आणि राजवाडे संपादक म्हणून द्यावे, वर्षाच्या रकान्यांत इसवी सन घालावा, आणि मूळ मिती व लेखांक टीपेंत जसेच्या तसे उतरावे. करवीरच्या अभ्यासकांना हें अधिकच लागू आहे. डॉ. आप्पासाहेब पवारांनीं संपादिलेले 'ताराबाईकालीन कागदपत्रें' शिवाजी विद्यापीठानें छापले, म्हणून त्यांना खंड आहेत, लेखांक आहेत. जें अद्याप छापलेंच नाहीं, तें रुमालांत बांधलेलें असतें, आणि त्यावर पृष्ठांक नसतो. तेथें रुमालाचा क्रमांकच लिहून घ्यावा लागतो, तोहि पेन्सिलीनें, दप्तर परत बांधण्यापूर्वीं.