गव्हाची कडक बिअर आणि ‘शुद्धतेचा’ कायदा

आजची गोष्ट एका ग्लासात मावते, पण आहे पाचशे वर्षांची. आधीच सांगून टाकतो, महाराष्ट्रात बिअर प्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात. तुम्ही त्याहून लहान असाल तर आज फक्त इतिहास घ्या, चव नंतर.

बिअरचं नाव आव्हेंटिनुस. जर्मनीतल्या बव्हेरियाची, श्नायडर घराण्याच्या ब्रुअरीची. प्रकाराला म्हणतात वाइत्सनबोक. वाइत्सन म्हणजे गहू आणि बोक म्हणजे जड, कडक बिअर. अल्कोहोल ८.२ टक्के. म्युनिकमध्ये टाल नावाच्या रस्त्यावर श्नायडरांचं जुनं बिअरगृह आहे, तिथे मी ती प्यायलो. उंच, कमरेत बारीक असा अर्ध्या लिटरचा ग्लास. तो तिरपा धरून हळूहळू ओतायचं, तळाशी थोडी बिअर उरली की बाटली गोल फिरवायची आणि खाली बसलेला यीस्टचा गाळ फेसावर सोडायचा. रंग जुन्या सागवानी कपाटासारखा, गढूळ. आणि वास? डोळे मिटा आणि शिकरण आठवा. पिकलेलं केळं, त्यात कुणीतरी लवंग ठेचून टाकलीय. मग घोट घेतला की मनुका, काळा खजूर, थोडी काकवी. कडूपणा जवळजवळ नाहीच. घशाखाली गेल्यावर छातीत ऊब येते, तेव्हा कळतं की हे प्रकरण साधं नाही.

आता गंमत बघा. यात ना केळं आहे ना लवंग. हे दोन्ही वास यीस्ट तयार करतं. केळ्याच्या वासाचं रसायन आयसोअमाइल ॲसिटेट, लवंगेच्या वासाचं फोर-व्हिनाइल ग्वायाकोल. नावं विसरलात तरी चालेल. मनुका-काकवीची चव येते ती मोड आणून भाजलेल्या धान्यातून. त्यात निम्म्याहून जास्त गहू आणि बाकीची बार्ली, म्हणजे आपला जव. सगळा गहू का नाही? कारण गव्हाला टरफल नसतं. जवाचं टरफल गाळणीचं काम करतं. ते नसेल तर भांड्यात नुसती लापशी होऊन बसते. आपल्याकडेही ‘स्ट्राँग’ लिहिलेल्या बिअरमध्ये साधारण इतकंच अल्कोहोल असतं. पण ती बहुतेक वेळा बर्फासारखी थंड करून देतात, म्हणजे चव कळूच नये! ही प्यायची साधारण दहा अंशांवर, सावकाश. आणि एकच.

तर आता इतिहासाकडे. जर्मन बिअर म्हटलं की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: १५१६ चा शुद्धतेचा कायदा. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट गावी बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि त्याचा भाऊ दहावा लुडविग यांनी आदेश काढला की बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स आणि पाणी. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण यीस्ट म्हणजे नेमकं काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण हा आदेश खरंच वाचला तर त्याचा मोठा भाग भावाबद्दल आहे. हिवाळ्यात एक मास, म्हणजे लिटरभर बिअर, एक फेनिंगपेक्षा महाग विकायची नाही, उन्हाळ्यात दोनपेक्षा नाही. घटकपदार्थांचा नियम मोडला तर पिंप जप्त. म्हणजे आजच्या भाषेत हा रेट कार्डाचा जीआर आहे. आणि ‘शुद्धतेचा कायदा’ हे नाव? ते या आदेशात कुठेच नाही. हा शब्द पहिल्यांदा सापडतो तो १९१८ मध्ये, बव्हेरियाच्या विधिमंडळातल्या चर्चेत. चारशे वर्षांनी बारसं!

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. जव, हॉप्स, पाणी. गहू कुठाय? गहू नाही. म्हणजे या कायद्याने माझ्या ग्लासातली बिअर बेकायदेशीर ठरते. कारण आदेशात दिलेलं नाही, पण बहुतेक अभ्यासक म्हणतात की गहू पावासाठी राखायचा होता. पटतं. दुष्काळ पडला तर लोकांनी बिअर खायची का?

पण पुढे जे घडलं त्यामुळे मला या पावाच्या गोष्टीवर पूर्ण विसंबावंसं वाटत नाही. १५४८ मध्ये याच चौथ्या विल्हेल्मने डेगेनबर्ग नावाच्या सरदार घराण्याला डॅन्यूबच्या उत्तरेकडे गव्हाची बिअर काढायची खास सनद दिली. बाकीच्यांना बंदी, यांना परवानगी. लोकांना बिअर आवडली आणि डेगेनबर्गांचं उखळ पांढरं झालं. विल्हेल्मनंतर आलेल्या ड्यूकच्या पोटात दुखायला लागलं. १५६७ मध्ये त्याने गव्हाच्या बिअरविरुद्ध कडक फर्मान काढलं, पण सनद असलेल्यांचं तो फार काही वाकडं करू शकला नाही.

मग १६०२ साल उजाडलं. शेवटचा डेगेनबर्ग वारस न ठेवता मेला आणि सनद परत राजघराण्याकडे आली. (डलहौसी आठवला ना? मलाही. फक्त तो अडीचशे वर्षांनी आला.) तेव्हाचा ड्यूक पहिला माक्सिमिलियन हिशेबाला पक्का होता. त्याने काय करावं? गव्हाच्या बिअरवर बंदी घालून गहू पावासाठी वाचवावा? छे. त्याने डेगेनबर्गांचा ब्रूमास्टर म्युनिकला आणला आणि स्वतःची ब्रुअरी उभी केली. आज पर्यटक जिथे फोटो काढतात त्या होफब्रॉयहाउसच्या जागी. १६०७ मध्ये केलहाइम गावी आणखी एक. गव्हाची बिअर काढायचा हक्क आता फक्त ड्यूकचा. वर आणखी एक फायदा होता. १५५३ पासून बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात नेहमीची बिअर काढायला मनाई होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची. गव्हाची बिअर उबदार हवेत आंबते, म्हणून ड्यूकच्या चुली उन्हाळ्यातही पेटत्या. १६१८ मध्ये तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं तेव्हा माक्सिमिलियनच्या तिजोरीत या बिअरचा मोठा वाटा होता.

म्हणून मी म्हणतो, हा सगळा मामला शुद्धतेपेक्षा कोण विकणार आणि पैसा कुणाला मिळणार याचा जास्त आहे. आज गव्हाच्या बिअरच्या बाटल्यांवरसुद्धा ‘१५१६ च्या नियमाप्रमाणे’ असं अभिमानाने छापलेलं दिसतं. ज्या नियमात गहूच नाही!

मक्तेदारी जवळपास दोनशे वर्षं टिकली. पण लोकांची चव बदलली, तळाला आंबणाऱ्या लागर बिअरचा जमाना आला, आणि १७९८ मध्ये सरकारने हा हक्क इतरांनाही मोकळा केला. एकोणिसाव्या शतकात तर गव्हाची बिअर म्हणजे आजोबांची आवड होऊन बसली होती. राजाची म्युनिकची ब्रुअरी भाड्याने चालवणारा गेओर्ग श्नायडर मात्र हट्टाला पेटला. १८७२ मध्ये त्याने टाल रस्त्यावर स्वतःची ब्रुअरी थाटली आणि गव्हाचीच बिअर काढत राहिला. १९०५ मध्ये घराण्यातला तिसरा गेओर्ग तरुणपणीच वारला, कारभार त्याची विधवा मथिल्डेच्या हातात आला. आव्हेंटिनुस १९०७ सालची, तिच्याच काळातली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, म्युनिकची ब्रुअरी बॉम्बहल्ल्यात गेली. तेव्हापासून बिअर केलहाइमला बनते, ड्यूकने उभारलेल्या त्याच जुन्या ब्रुअरीत. श्नायडरांनी ती आधीच विकत घेतली होती.

जाता जाता, पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीत पहिला ब्रूमास्टर जर्मन होता. तिथून गव्हाची बिअर आपल्या पोरांच्या तोंडी बसली. त्या ब्रुअरीचं नाव डूलाली. हा इंग्रजी शब्द गोऱ्या सोल्जरांनी नाशिकजवळच्या आपल्या देवळालीवरून केला. अर्थ: डोक्यावर परिणाम झालेला.

राहिलं नाव. आव्हेंटिनुस कोण? केलहाइमजवळच्या आबेन्सबर्ग गावात १४७७ मध्ये जन्मलेला योहानेस टुर्माइर. गावाच्या नावाला लॅटिन रूप देऊन त्याने स्वतःला आव्हेंटिनुस म्हणवून घेतलं. इतिहासकार होता. आणि राजपुत्रांचा शिक्षक. त्याच्या शिष्यांपैकी एक कोण? दहावा लुडविग. तोच, ज्याने १५१६ च्या आदेशावर भावाबरोबर सही केली. पुढच्याच वर्षी, १५१७ मध्ये, दोघा भावांनी त्याला दरबारी इतिहासकार नेमलं. तो मठामठांत फिरला, जुने कागद धुंडाळले, १५२३ मध्ये बव्हेरियाचा पहिला नकाशा छापला. धर्मगुरूंवर मोकळेपणाने टीका करायचा, म्हणून १५२८ मध्ये त्याला अटक झाली. सुटल्यावर तो रेगेन्सबुर्गला गेला आणि १५३४ मध्ये तिथेच वारला. त्याचा मोठा ग्रंथ त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. नंतर छापला तोही कात्री लावून.

त्या इतिहासात त्याने बव्हेरियाच्या सामान्य माणसाचं वर्णन केलंय. गाणारा, नाचणारा, पत्ते कुटणारा, रात्रंदिवस पीत बसणारा. फक्त त्या माणसाच्या हातात त्याने जे पेय दिलंय ते बिअर नाही. वाइन आहे.