सातवी गोळी : रिव्हॉल्व्हरच्या दारूगोळ्याचा इतिहास

रिव्हॉल्व्हरचा इतिहास बहुधा शोधकांच्या आणि कारखानदारांच्या नावांनी लिहिला जातो; परंतु पाच-सहा बार झाले की हे शस्त्र काही काळ निरुपयोगी होते, ही त्याची मूळ मर्यादा ध्यानात घेतली, तर सातवी गोळी कोठून येत होती, ती कोणी ओतली होती आणि कमरेला कशी बाळगली जात होती, हे प्रश्न त्या इतिहासाच्या केंद्रस्थानी येतात. अमेरिकेत, जेथे हे शस्त्र सर्वाधिक रुजले, तेथे या प्रश्नांची उत्तरे शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली.

सॅम्युअल कोल्ट याला १८३६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले आणि न्यू जर्सीतील पॅटरसन येथे त्याचे पहिले पाच बारी रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागले. हे शस्त्र ठासणीचे होते, म्हणजे फिरत्या सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात समोरून आधी काळी दारू ओतून, तिच्यावर शिशाची गोळी दाबून बसवून, मागच्या बाजूच्या टोचीवर ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी चढवावी लागे. घोड्यावर बसून हे काम करणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे पॅटरसनच्या पेटीत अनेकदा एक जादा सिलिंडर दिलेला असे आणि भरून ठेवलेला तो सिलिंडर बदलणे हाच जलद भरणीचा मार्ग होता. टेक्सास रेंजर या सशस्त्र दलाने १८४४ मध्ये वॉकर्स क्रीक येथे कोमांची जमातीच्या योद्ध्यांविरुद्ध हीच शस्त्रे वापरली. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात मिसूरीतील अनियमित घोडेस्वारांनी याहून सोपा उपाय काढला आणि ते एकाच वेळी अनेक भरलेली रिव्हॉल्व्हर अंगावर व खोगिराला बाळगू लागले.

त्या काळी शस्त्र आणि गोळीचा साचा ही जोडीने विकली जाणारी वस्तू होती. पेटीत दारूची कुपी, टोप्यांची डबी आणि पकडीसारखा दोन दांड्यांचा साचा असे. त्याच्या एका पोकळीत गोल, तर दुसरीत निमुळती गोळी ओतता येई. वस्तीपासून दूर राहणाऱ्या माणसाला शिशाचा गोळा आणि चुलीतील विस्तव एवढ्यावर आपला साठा तयार करता येत असे. गोळी मऊ शिशाची असण्यामागेही कारण होते : कप्प्याच्या तोंडापेक्षा किंचित मोठी गोळी दाबली की तिची कड तासली जाऊन ती घट्ट बसे.

धातूच्या काडतुसाने ही घरगुती व्यवस्था मोडली. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील स्मिथ अँड वेसन या संस्थेने १८५७ मध्ये .२२ कॅलिबरचे, सात बारांचे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्यात दारू, गोळी आणि ठिणगीचे द्रव्य हे तिन्ही घटक एकाच धातूच्या पुंगळीत सामावलेले होते. आरपार छिद्र असलेल्या सिलिंडरचे रोलिन व्हाइट याचे १८५५ चे पेटंट या संस्थेच्या हाती असल्याने १८६९ पर्यंत इतरांना ही रचना मोकळेपणाने वापरता आली नाही. ते बंधन सुटल्यावर कोल्टचे १८७३ चे प्रसिद्ध .४५ आले. विंचेस्टर रायफलची .४४-४० आणि .३२-२० ही काडतुसे रिव्हॉल्व्हरमध्येही चालू लागली, तेव्हा दोन्ही शस्त्रांना एकच पट्टा पुरेसा ठरला. सीमाप्रदेशातील माणसाच्या दृष्टीने ही सोय कोणत्याही यांत्रिक सुधारणेइतकीच मोलाची होती.

पट्ट्याचाही स्वतंत्र इतिहास आहे. सैन्यातील अधिकारी अँसन मिल्स याने १८६७ मध्ये काडतुसे खोचण्यासाठी ओळीने घरे असलेल्या पट्ट्याचे पेटंट घेतले. मात्र कमावलेल्या कातड्यातील आम्लामुळे तांब्या-पितळेच्या पुंगळ्यांवर हिरवा थर चढे आणि काडतूस ओढताना अडके. म्हणून पुढे त्याने घरांसह एकसंध विणलेला सुती पट्टा सिद्ध केला.

काडतूस कारखान्यात गेले, तरी हातभरणी संपली नाही, कारण केंद्रभागी टोपी असलेल्या पितळी पुंगळीचा पुन्हा उपयोग करता येत होता. जळालेली टोपी काढून नवी बसवणे, पुंगळी मूळ आकारात आणणे, दारू भरणे आणि ओतीव गोळी बसवून तोंड आवळणे या क्रियेला हातभरणी म्हणतात. कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे जॉन बार्लो याने १८८४ मध्ये सुरू केलेल्या आयडियल कंपनीने यांतील बहुतेक कामे एकाच चिमट्यासारख्या अवजारात आणली. १९२५ मध्ये ही कंपनी लायमन या संस्थेकडे गेली आणि तिचे साचे त्यानंतरही वापरात राहिले.

लहान कॅलिबरला ओतीव गोळी विशेष मानवली. स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये काढलेल्या .३२ लाँग या काडतुसाची गोळी साधारण ९८ ग्रेनची होती. एका पौंडात ७,००० ग्रेन असल्याने पौंडभर शिशात अशा सत्तरेक गोळ्या होत. दाब आणि वेग कमी असल्यामुळे साध्या शिशावर तांब्याचे आवरण चढवण्याची गरज नव्हती. वेग वाढला की मऊ शिसे नळीतील पेचदार खाचांना चिकटते. त्यावर उपाय म्हणून कथील आणि अँटिमनी मिसळून गोळी कठीण केली जाई आणि तिच्या कंगोऱ्यांत मेण किंवा चरबी भरली जाई. छापखान्यातील मोडीत निघालेले खिळे याच तीन धातूंचे असल्याने हातभरणी करणारे ते आवर्जून मिळवत.  आयडाहोतील गुराखी आणि लेखक एल्मर कीथ याने १९२० च्या दशकात स्वतः आखलेल्या ओतीव गोळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि १९३५ चे .३५७ मॅग्नम व १९५५ चे .४४ मॅग्नम या काडतुसांना अशा प्रयोगांतून चालना मिळाली. कारखान्यांनी या हौशी ओताऱ्यांचे ऋण जितके मानावयास हवे होते, तितके मानलेले दिसत नाही.

जादा काडतुसे बाळगण्याच्या बाबतीत मात्र पोलीस दले फार काळ मागे राहिली. थिओडोर रूझवेल्ट पोलीस आयुक्त असताना न्यूयॉर्कने १८९६ मध्ये .३२ कॅलिबरचे कोल्ट स्वीकारले. तथापि शिपायाच्या पट्ट्यावरील कातडी पाकिटातून हातावर ओतलेली काडतुसे एकेक करून भरण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. सर्व काडतुसे एकदम सिलिंडरमध्ये सोडणारे प्रिडो याचे साधन ब्रिटनमध्ये १८९३ मध्येच निघालेले होते. कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे एप्रिल १९७० मध्ये चार महामार्ग पोलीस मारले गेले आणि त्यांपैकी एक रिव्हॉल्व्हर पुन्हा भरत असतानाच गोळीला बळी पडला. त्यानंतर त्या दलाने असे वेगभरणीचे साधन अंगीकारले. इतकी जुनी सोय अंगीकारण्यास चार जिवांचे मोल द्यावे लागले, ही संस्थात्मक जडत्वाची गंभीर नोंद आहे.

भारतात या परंपरेचा एकच धागा ठळकपणे पोहोचला. नागरिकांसाठी कानपूर येथे बनणारी रिव्हॉल्व्हर .३२ लाँग याच कॅलिबरची आहेत आणि त्यांची काडतुसे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळील खडकी दारूगोळा कारखान्यातून येतात. मात्र येथील परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, याची मर्यादा लिहिलेली असते, आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याने मनाई आहे.