एअर ब्रेक कॉम्प्रेसर : बिघाड व निदान

जड मालट्रकच्या ब्रेकना दाबाची हवा पुरवणारा, इंजिनावर गिअरने किंवा पट्ट्याने चालणारा दट्ट्याचा पंप. इंजिन चालू असेतो तो फिरतच राहतो. टाकीतला दाब साधारण ८ बारवर गेला की गव्हर्नर त्याला रिकामा फिरवतो आणि दाब सुमारे दीड बारने उतरला की पुन्हा कामाला जुंपतो.

‘हवा भरत नाही’ ही नेहमीची तक्रार. लगेच कॉम्प्रेसर खोलण्याची घाई होते, ती बहुधा वाया जाते. आधी इंजिन बंद करून काट्याकडे पाहावे. दाब उतरत असेल तर गळती आहे. सांधे, होज पाइप, ब्रेक चेंबर यांना साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. दाब टिकतो पण सावकाश चढतो, अशा वेळी चोंदलेला एअर फिल्टर, ढिला पट्टा, डिलिव्हरी पाइपात साचलेला कार्बन किंवा हेडमधल्या झिजलेल्या झडपा तपासाव्यात. अमेरिकेतील व्यावसायिक चालक-परवान्याच्या चाचणीत दुहेरी प्रणालीचा दाब ८५ वरून १०० पीएसआयवर ४५ सेकंदांत चढावा लागतो.

टाकीतून तेल निघू लागले की दोष रिंगांवर ढकलला जातो. मात्र तुंबलेली तेलाची परतीची नळी, किंवा गळतीमुळे उसंत न मिळणारा कॉम्प्रेसरही तेल फेकतो. तेच तेल एअर ड्रायर निकामी करते. सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार उडत असल्यास गव्हर्नर वा कॉम्प्रेसरला रिकामा फिरवणारा अनलोडर पाहावा.

काम सुरू करण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावून टाक्या रिकाम्या करणे आवश्यक असते.