भूकंप आणि ज्वालामुखी : स्थानसंबंध (प्रभादेवी, मुंबई)

जगाच्या नकाशावर भूकंपांची केंद्रे आणि जागृत ज्वालामुखी मांडले, तर दोन्ही बऱ्याच ठिकाणी एकाच पट्ट्यात येतात. पॅसिफिक महासागराभोवतीचे ‘अग्निकंकण’ हे त्याचे ठळक उदाहरण. मात्र हा संबंध एकास एक नाही, हे महाराष्ट्राइतके स्पष्ट फार थोड्या प्रदेशांत दिसते. प्रभादेवीच्या पायाखालचा कातळ ज्वालामुखीने घडवला आहे. येथे जाणवणाऱ्या भूकंपाचा मात्र कोणत्याही ज्वालामुखीशी संबंध नाही.

पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनलेले असून ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेथे घर्षणाने साठलेला ताण भूकंपांतून मोकळा होतो. खाली गेलेल्या भूपट्टातील पाणी सुमारे 100 किमी खोलीवर वरच्या प्रावरणात मुरते, तेथील खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होऊन वर येतो. म्हणून सागरी गर्तांच्या कडेने ज्वालामुखींच्या रांगा उभ्या राहतात. भारतात ही जोडी फक्त अंदमानात आढळते. तेथील बॅरन बेट हा देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी. दीर्घ शांततेनंतर तो 1991 मध्ये पुन्हा जागा झाला. 26 डिसेंबर 2004 चा सुमात्रा-अंदमान भूकंप याच सीमेवरचा.

हिमालयात मात्र भूकंप आहेत, ज्वालामुखी नाहीत. तेथे दोन्ही बाजूंना जाड, हलके खंडीय कवच आहे. ते खोलवर बुडत नाही, त्यामुळे ज्वालामुखींना पुरेल असा शिलारसाचा पुरवठा होत नाही. भूपट्ट एकमेकांना घासून आडवे सरकतात अशा कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशावरही हेच दिसते. उलट हवाई बेटांचे ज्वालामुखी भूपट्टाच्या मध्यभागी आहेत. खोल प्रावरणातून वर येणाऱ्या उष्णतेचा ‘तप्तबिंदू’ त्यांना जन्म देतो.

महाराष्ट्राचा काळा पाषाण (बेसाल्ट) अशाच तप्तबिंदूचे देणे मानला जातो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट हिंदी महासागरातील आजच्या रीयुनियन बेटाखालच्या तप्तबिंदूवरून सरकत असताना लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यांतूनच दख्खनचे पठार व सह्याद्रीचे कडे घडले. मुंबईतील थर त्या मालिकेच्या अखेरच्या काळातले आहेत. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात येथे पाणथळ जागा होत्या. प्रभादेवीला लागून असलेल्या वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमधल्या गाळखडकात, चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचे वर्णन केले. मुंबईच्या भूविज्ञानातला हा सर्वांत मोलाचा ठेवा. इतक्या दाट वस्तीच्या शेजारी असूनही तो फार थोड्यांना ठाऊक आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे स्तंभही याच ज्वालामुखी काळाचे. रीयुनियनचा ज्वालामुखी आजही धगधगतो, पण भारत तेथून हजारो किलोमीटर उत्तरेला आला आहे.

मग महाराष्ट्रात भूकंप का होतात? भारतीय भूपट्ट उत्तरेकडे वर्षाला सुमारे 5 सेंमी सरकत हिमालयाशी भिडतो. त्याचा ताण भूपट्टाच्या आतल्या भागातही पोहोचतो आणि जुन्या, कमकुवत भ्रंशांवर मोकळा होतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. तेथील धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याने खडकातील दाब बदलून आधीच ताणलेल्या भ्रंशाला चालना दिली, असे मानले जाते. सुमारे 200 किमी दूर असलेल्या मुंबईतही तो हादरा जाणवला. पुढे कोयना परिसरात 3 किमी खोल विंधण घेतले, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपून खाली प्राचीन ग्रॅनाइट-नाइस खडक लागला. तेथील भूकंप त्याच जुन्या पायाच्या खडकात होतात, वरच्या लाव्हात नव्हे. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंपही भूपट्टाच्या आतलाच. त्यात सुमारे 10,000 माणसे दगावली. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा जमिनीखाली ज्वालामुखी जागा होत असल्याची भीती बाळगण्याचे कारण नव्हते. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडेही जागृत ज्वालामुखीची खूण नाहीत. भेगांतून खोल जाऊन तापलेले पाणी तेथे वर येते.

भूकंपरोधक रचनेच्या ‘आयएस 1893’ या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत मुंबई तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या भूकंपक्षेत्रात आहे. प्रभादेवीचा परिसर वरळी, माहीम व परळ या जुन्या बेटांच्या सांध्यावर वसला. बेटांमधली सखल खाजणे पुढे भरण्यात आली, त्यामुळे कुठे कातळ वर लागतो तर कुठे चिखल आणि भराव. मऊ थरांत कंपनांचा विस्तार वाढतो, म्हणून एकाच हादऱ्यात जवळजवळच्या दोन इमारतींना वेगळा धक्का बसू शकतो. जुन्या चाळी व इमारतींच्या रहिवाशांनी पुनर्विकासाचा करार करण्यापूर्वी आपल्या भूखंडाचा जमीन-चाचणी अहवाल मागून घ्यावा, आणि नव्या इमारतीचा पाया व सांगाडा भूकंपरोधक मानकांप्रमाणे असल्याची लेखी खात्री करून घ्यावी.