बाशिंग नेच्याची ओळख : एका नामकरणाचा इतिहास

महाराष्ट्रातील नेच्यांचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती प्रथम येतो तो ब्लॅटर आणि डी'आल्मेडा यांचा १९२२ सालचा 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ. मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजात अध्यापन करणाऱ्या एथेलबर्ट ब्लॅटर यांचे लक्ष स्वाभाविकच मुंबई इलाख्यावर होते. आजच्या गोंदिया जिल्ह्याचा प्रदेश तेव्हा भंडारा जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रांतात मोडत असे. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याची सीमा सरकली. ग्रंथाची सीमा मात्र होती तिथेच राहिली.

महाबळेश्वर, आंबोली येथील धुक्याने भिजणाऱ्या जंगलांत झाडांच्या खोडांवर नेचे वाढतात. त्यांपैकी काहींची पाने पेशींच्या एकाच थराची असल्याने सततच्या आर्द्रतेवाचून ती तग धरत नाहीत. गोंदियाच्या पानझडी वनात अशा नेच्यांची अपेक्षा करणे व्यर्थ होय. 'बाशिंग' अथवा 'अश्वकात्री' या नावांनी ओळखला जाणारा ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया मात्र वेगळ्या प्रकृतीचा आहे. घाटातील धुक्यात तो वाढतो, तसाच कोकणच्या सखल भागातही. कोरड्या ऋतूत हिरवी पाने गाळून तो खवल्यांनी झाकलेल्या जाड मूलक्षोडाच्या आधारे टिकून राहतो.

या नेच्याची युरोपीय ग्रंथांतील नोंद 'होर्टुस मलबारिकुस'च्या बाराव्या खंडात (१६९३) आढळते. कोचीचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याच्या या ग्रंथामागे इट्टी अच्युतन वैद्यांचे ज्ञान होते, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी वैद्यांचेही. या तिघांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेले आहे. तेथील मल्याळी नावात कंद आणि झाडावरील वास या दोन्ही खुणा सामावल्या आहेत. १७५३ मध्ये लिनियसने 'पॉलिपोडियम क्वेर्सिफोलियम', म्हणजे ओकच्या पानाचा नेचा, असे नाव दिले. १८४१ मध्ये क्यू येथील जॉन स्मिथने त्याला ड्रायनेरिया प्रजातीत नेले. त्या शब्दाच्या मुळाशीही ओकच आहे.

घोटाळा येथेच होतो. ओकसारखे दिसते ते या नेच्याचे बिनदेठाचे, लवकर तपकिरी होणारे वंध्य पान. ते बुंध्याला चिकटून राहते व पालापाचोळा साठवते. बीजाणू धारण करणारे हिरवे पान लांब देठाचे आणि खोलवर विभागलेले असते. त्याचा ओकशी काहीही संबंध दिसत नाही. केवळ हिरवे पान हाती असलेल्याला नावाचा उपयोग नाही, उलट दिशाभूलच व्हायची. मल्याळी नाव या बाबतीत अधिक विश्वासार्ह म्हणावे लागेल.

निर्णायक खूण पानाच्या खालच्या बाजूस असते. लगतच्या दोन मुख्य शिरांमध्ये बीजाणुधानींचे लहान, गोल पुंज दोन ओळींत मांडलेले असतात आणि त्यांवर आच्छादन नसते. ड्रायनेरिया रिजिड्युला या जवळच्या जातीत पुंजांची मांडणी निराळी असते. गोंदियातील अभ्यासकाने म्हणूनच संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानाचा विचार करणारे बेडमचे १८८३ चे 'हँडबुक' ब्लॅटरच्या ग्रंथासोबत ठेवावे. नागझिरा अभयारण्य (१९७०) व नवेगाव राष्ट्रीय उद्यान (१९७५) येथे वनविभागाच्या परवानगीवाचून नमुना तोडता येत नाही. तेथे असा नेचा शोधणाऱ्याला गळून पडलेल्या पानाच्या निरीक्षणावरच भागवावे लागेल. गळते ते हिरवे पान. त्यावर ओकची खूण नसते, पुंजांच्या दोन ओळी मात्र असतात.