खंडाळा, कार्ले आणि निळी लिलिथ

बेने इस्राएल समाजाच्या श्रद्धेप्रमाणे एलियाहू हनाबी ज्या खंडाळ्याहून स्वर्गी गेला, ते खंडाळे लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरील नव्हे. ते अलिबाग तालुक्यातील होय. तेथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखविल्या जातात. नामसादृश्यामुळे होणारा हा घोटाळा बाजूस ठेविला, तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : बायबलातील प्रसंगाला या समाजाने कोकणची भूमी दिली आणि त्याच एलियाहूच्या नावे पोहे, नारळ व साखर यांचा मलिदा रूढ केला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली' एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनेही रचू लागले.

मुंबईत १९६० साली जन्मलेल्या सियोना बेंजामिन यांची चित्रकला या परंपरेच्या प्रकाशात पाहावयास हवी. जे. जे. कलाशाळेत शिकून त्या अमेरिकेत गेल्या. त्यांच्या 'फाइंडिंग होम' मालिकेत मोगल लघुचित्रांची रेखीव चौकट, हिंदू देवतांची अनेक बाहूंची आकृती आणि यहुदी सप्तशाखी दीप एकत्र येतात. स्त्रियांची कांती निळी असते. या निळाईत कृष्ण दिसतो हे खरे. परंतु कोणत्याच एका देशाचे नसणारे आकाशही तीत आहे.

'लिलिथ'च्या चित्रात त्यांनी रॉय लिक्टेन्स्टाइन याची व्यंगचित्रपुस्तकी शैली उचलली आहे. त्याच्या १९६०च्या दशकातील प्रसिद्ध चित्रांत ठिपक्यांनी रंगविलेल्या तरुणी प्रियकरासाठी अश्रू ढाळतात. लिलिथ ही मध्ययुगीन यहुदी आख्यायिकेप्रमाणे आदामाची पहिली स्त्री. बरोबरीचा मान नाकारला गेल्यावर ती त्याला सोडून गेली. रडणाऱ्या नायिकेच्या साच्यात अशी मानिनी बसविल्याने त्या साच्याचाच अर्थ उलटतो. केवळ मेनोरा वा हस्तचिन्ह चिकटवून हे साधले नसते.

मूर्तिनिषेध मानणाऱ्या धर्मात हे कसे बसते, असा आक्षेप संभवतो. तो अगदीच निराधार नाही. मात्र इस्राएलमधील बेथ आल्फा येथील सहाव्या शतकातील प्रार्थनामंदिराच्या फरशीवर राशिचक्र असून त्याच्या मध्यभागी रथारूढ सूर्य आहे. पूजेची मूर्ती आणि अर्थवाही चित्र यांतील भेद तेव्हाच्या उपासकांना ठाऊक असला पाहिजे.

असाच विचार मावळातही करता येतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभ धेनुकाकटाच्या यवनांनी दान दिल्याचे ब्राह्मी लेख सांगतात. हे यवन ग्रीक वंशाचे होते की कसे, यावर मतभेद आहेत; त्यांतील सिहधय हे नाव तर भारतीयच दिसते. दात्याने आपले 'यवन'पण लेखात नोंदविले, पण स्तंभ वेगळ्या घडणीचा मागितला नाही. लेख वाचल्याविना यवनाचा खांब कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता, हे आजही सांगता येत नाही. सियोना बेंजामिन यांच्या चित्रात मात्र प्रत्येक खांब आपले नाव मोठ्याने सांगतो.